येसबाचा रोजचा फायदा

आमच्या आळीत कुणाला सुईत दोरा ओवून हवा असला, की येसबाला हाक मारायची पद्धत होती. सहा फूट उंचीचा, गलमिश्या राखलेला हा पन्नाशीचा गडी म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात उभा राहायचा, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायचा, एक डोळा मिटायचा आणि पहिल्या झटक्यात दोरा आरपार. मग सुई उंच धरून सगळ्यांना दाखवायचा. "बगा, हात हालला का? दारू सोडल्याचा फायदा!" वाकळा शिवणाऱ्या त्या बायकांना फायद्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या सुई घेऊन चालू लागायच्या आणि येसबा पुढच्या सुईची वाट बघत उभा राहायचा.

ही बासष्ट-त्रेसष्ट सालाकडची गोष्ट. रहिमतपूरपासून दोन मैलांवरच्या एका गावात माझी शाळामास्तर म्हणून बदली झाली आणि जून महिन्यात मी येसबाच्या शेजारी राहायला गेलो. मी तेव्हा सडाफटिंग. सकाळी सातपर्यंत अंथरुणात लोळणं ही माझी एकुलती एक चैन, आणि तिच्यावर येसबाने पहिल्याच आठवड्यात वरवंटा फिरवला. रोज बरोबर सहाला मधल्या बुटक्या भिंतीवरून आरोळी यायची, "गुरुजी, फायदा!" मी बाहेर येईपर्यंत तो हटत नसे. बाहेर आलो की त्या दिवसाचा ताजा फायदा कानावर घालून कामाला निघून जाई.

फायदे रोज नवे असत, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

"गुरुजी, चार म्हैनं झालं, पायात माजीच पायताणं हायती." पूर्वी म्हणे तो कुणाच्याही चपला घालून घरी यायचा. एकदा तर दोन्ही डाव्याच.

"गुरुजी, सूर्य चिचंमागनं उगवतो." बारा वर्षं तो म्हसोबाच्या माळावरून उगवतो असं येसबाचं ठाम मत होतं, आणि त्यापायी त्याने दोघांशी मारामारीही केली होती.

"गुरुजी, काल काय बोललो ते आज ध्यानात ऱ्हातंय. तवापासनं बोलायची चोरी झाली बगा." बोलायची चोरी झालेला माणूस रोज पहाटे माझ्या उशाशी ओरडायचा, तेव्हा आधी काय करत असेल याची मला कल्पनाच करवेना.

एकदा जरा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मी केलेल्या कोरड्यासाला अजिबात चव न्हाई."

"मग हा फायदा कसा काय?"

"आवं, आता कळतंय की! आदी दोन म्हैनं तेच खात हुतो."

त्या काळी दारूबंदी होती. म्हणजे दारू मिळत होती, फक्त ओढ्यापलीकडे चालत जावं लागे. येसबा बारा वर्षं चालला. सोबतीला तुकाराम नावाचा दोस्त असायचा. दोघे गळ्यात गळे घालून यायचे, एकमेकांसाठी जीव द्यायच्या आणाभाका घ्यायचे. दारू सोडल्यावर येसबाने या दोस्ताबरोबर एक आख्खी दुपार शुद्धीत काढली आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "गुरुजी, तुक्या लय कटाळवाणा माणूस हाय वो! म्हशीच्या आजाराबिगर दुसरं बोलतच न्हाई. बारा वर्सं मला पत्ताच न्हाई!"

त्या तुकारामाने एका लग्नात येसबाला गाठलं. मांडवाच्या मागे नेऊन म्हणाला, "घे रं गड्या, एकच घोट. लग्नघर हाय."

येसबा म्हणाला, "घिन की. पर आदी तू सुईत दोरा ओवून दाव. ओवलास तर तू म्हणशील तितकी घिन."

कुणीतरी वाकळेची मोठी सुई आणून दिली. तुकारामाने दोरा सुईच्या वरून नेला, खालून नेला, अंगठ्यात टोचून घेतला, शेवटी सुईला शिव्या घातल्या. बायका जेवणावळ सोडून बघायला आल्या. नवरदेवसुद्धा मुंडावळ्या सावरत उभा. पंगत पाऊण तास खोळंबली आणि वरबाप येसबावरच उखडला. येसबाला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीचा फायदा त्याला तिथेच सापडला होता.

आता हा येसबा मूळचा कोण, ते सांगायचं राहिलं. येसबा गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत कढत असतो, तेव्हा तो कोणत्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा आधी उतरवला तर गूळ चिकट राहतो, जरा उशीर झाला तर काळा पडतो. मालक कितीही मोठा बागायतदार असो, काहिलीपाशी हुकूम गुळव्याचा. येसबाचा हात असा होता, की मालक त्याला दिवाळीतच सांगून ठेवत. मग ओढ्यापलीकडच्या वाऱ्या वाढल्या आणि बोलावणी कमी झाली. मी येण्यापूर्वीच्या हिवाळ्यात तर पलूसला मेहुण्याच्या गुऱ्हाळावर येसबा काहिलीशेजारीच पिऊन झोपी गेला. पूर्ण आदण, म्हणजे एका वेळी शिजणारी आख्खी काहील, जळून कोळसा झालं. पाच-पंचवीस माणसांसमोर बायकोला भावापुढे मान खाली घालावी लागली.

बायकोचं नाव हौसा. ती त्याच्याबरोबर पलूसला गेली होती, ती परत आलीच नाही. "ज्या दिशी कुनी मालक परत तुमच्या हातात काहील दील, त्या दिशी म्या घरी यीन," एवढंच तिने सांगितलं. येसबा एकटा परतला आणि त्या दिवसापासून त्याने दारूला हात लावला नाही. हे मला आळीतल्या बायकांनी सांगितलं. येसबाच्या फायद्यांत हौसाचं नाव कधीच येत नसे.

मी गेल्यावर पहिला हिवाळा आला. गावोगावची गुऱ्हाळं सुरू झाली, संध्याकाळी रसाच्या कढाचा वास गावभर पसरायचा. येसबा अंगणात उभा राहून नाक वर करायचा आणि घरबसल्या सांगायचा, "पाटलाचं आदण उशिरा उतरलं. आता गूळ काळा पडनार." दुसऱ्या दिवशी गूळ काळा आल्याची बातमी यायची. पण त्याला काही कुणी बोलावलं नाही. सुया द्यायला सगळे, काहील द्यायला कुणी नाही.

डिसेंबरात एक दिवस पलूसहून कार्ड आलं. येसबाला वाचता येत नव्हतं, म्हणून तो ते दोन्ही हातांत धरून शाळेतच घेऊन आला. मेहुणा रामभाऊ याने लिहिलं होतं, 'आमचा गुळव्या तापाने पडला आहे. हंगामात दुसरा मिळत नाही. रविवारी येऊन दोन आदणं काढून द्यावीत. नाइलाज आहे.' मी शेवटचे दोन शब्द सोडून बाकीचं वाचून दाखवलं.

"हौसाचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "सर्व मंडळी खुशाल आहेत, असं लिहिलंय."

"सर्वांत ती आलीच की," येसबा म्हणाला, आणि कार्ड मुंडाशात खोचून निघाला. दाराशी थांबून वळला. "गुरुजी, तुमी चला संगं. साक्षीला. रोज सकाळी तुमी बगताय मला."

रविवारी पहाटेची आगगाडी धरून आम्ही निघालो. येसबाने धुतलेलं धोतर नेसलं होतं. गाडीत मी त्याला चिडवायला म्हणालो, "काय येसबा, आज फायदा सांगितला नाही?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, त्यातलं निम्मं मी आदल्या दिशी जुळवून ठेवतू. सकाळी उटल्या उटल्या घर खायला उटतं. तवा काय तरी चांगलं सांगायला असलं, की भिंतीपत्तुर यायला पाय उचलत्यात. एवडंच."

मला माझीच लाज वाटली. सहा महिने मी त्याच्या आरोळीला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. तो रोज उठून स्वतःला उभं करत होता, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

रामभाऊचं गुऱ्हाळ मळ्यात होतं. चरक फिरत होता, काहील चुलाणावर चढलेली होती. रामभाऊने "या दाजी" म्हटलं, पण ते जेमतेम. हौसा पलीकडे उसाची चिपाडं वाळत घालत होती. ठेंगणी, काळीसावळी, पदर खोचलेली. तिने आमच्याकडे पाठ केली ती केलीच. पण एकच भारा ती तीन वेळा खालीवर करत होती, हे मी पाहिलं.

येसबा काहिलीपाशी उभा राहिला आणि मी ओळखत होतो तो बडबड्या माणूस नाहीसा झाला. रस कढू लागला, मळी वर आली, ती काढली. फेस पिवळा झाला, मग तांबूस. येसबा काठीने थोडा पाक घ्यायचा, थंड पाण्यात सोडायचा, बोटांत चोळून बघायचा आणि मान हलवायचा.

रामभाऊला दम निघेना. "दाजी, उतरायची का?"

"थांबा."

रंग आणखी गडद झाला. जळव्या चुलाणात चिपाडं घालायचा थांबून वर बघू लागला. रामभाऊ मेहुण्याच्या अगदी खांद्याशी आला. "दाजी, गेल्या टायमाला..."

"आवं, दम धरा की जरा."

हौसाचं काम थांबलं होतं. आता ती सरळ इकडेच बघत होती. येसबाने डोळे मिटले. काहिलीवर वाकून नाकाने एक लांब श्वास घेतला. पुन्हा पाण्यात पाक टाकला, त्याची गोळी काढून तांब्यावर मारली. टण्ण!

"वडाऽऽ!"

सहा गड्यांनी दांडे घालून काहील उचलली आणि पाक थंड करायच्या वाफ्यात ओतली. घोटून घोटून पाक थंड होऊ लागला तसा त्याचा रंग फुटला, झेंडूसारखा पिवळाधमक. रामभाऊने कडेचा एक खडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिला. मग मुंडासं काढून घाम पुसला आणि म्हणाला, "दाजी, दुसरं आदण कवा चडवायचं?"

माझ्या तोंडून "वा!" असं जोरात निघून गेलं. सगळे माझ्याकडे बघून हसले, येसबासुद्धा.

दुसरं आदण पहिल्यापेक्षा सरस उतरलं. चार वाजता येसबा हातपाय धुऊन चिंचेखाली बसला, तेव्हा हौसा भाकरी आणि वाटीभर काकवी घेऊन आली. ताट ठेवून तशीच उभी राहिली. येसबा ताटाकडे बघत राहिला, ती चिपाडांकडे. मी उठून जावं की बसावं, ते मला कळेना.

शेवटी तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून एक किल्ली काढली. "ही घराची किल्ली माज्याकडंच ऱ्हायली तवा."

"त्ये कुलूप म्या दगडानं फोडलं," येसबा म्हणाला. "आत कसा जानार हुतो?"

"मग आता कुटलं लावताय?"

"न्हाई लावत."

"म्हंजे?"

येसबाने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "नवं घेतलं असतं आन म्या कामाला गेल्यावर तू आली असतीस, तर भाईर पायरीवर बसायला लागलं असतं तुला."

पदर तोंडाशी नेऊन हौसाने मान फिरवली. मी शेजारी राहणारा माणूस. ते दार सताड उघडं असायचं ते रोज बघत होतो, आणि या घरात चोरण्यासारखं काय असणार असं समजत होतो.

थोड्या वेळाने हौसा एकदम वळली. डोळे लाल, पण आवाज चढलेला. "आन आज? आज बी घर उगडं टाकून आलाय? माजी तांब्याची घागर हाय घरात! माज्या आयनं दिलेली! कोन उचलून न्हील तर?"

"हाय हाय, जाग्यावर हाय," येसबा गडबडून म्हणाला.

"तुमाला काय ठावं! दादा, माजं बोचकं दे रं आतलं!" असं ओरडत ती निघाली. चार पावलांवर थांबली, आणि येसबाला काही न विचारता मला विचारलं, "गुरुजी, गाडी किती वाजता हाय वो?"