सोपानभाऊंची पाच नावे

"सोपानभाऊंना चित्रपटातले काही कळत नाही, आणि न कळण्यातले त्यांचे सातत्य मात्र वाखाणण्याजोगे आहे."

हे वाक्य आमच्यातले निवृत्त प्राचार्य गेल्या रविवारी तुंगार्लीच्या तळ्याकाठी बोलले. ते मी शब्दशः देतो आहे. वडगावच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून माझी हयात गेली. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घेणे आणि ते चुकीचे असल्याचे कळत असूनही गप्प बसणे, हीच माझी नोकरी होती. आता मी निवृत्त आहे. गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही.

तळ्याकाठी रोज सकाळी फिरायला येणारे आम्ही दहाबारा वृद्ध आहोत. रक्तदाब, सुना आणि पर्यटकांच्या मोटारी हे विषय संपल्यावर बोलायचे काय, या अडचणीतून आमची स्पर्धा जन्माला आली. थंडी पडू लागली की चित्रपटांच्या पारितोषिकांचा हंगाम जवळ येतो. मोठ्या पारितोषिकासाठी अंतिम पाचांत कोणते चित्रपट येतील, हे प्रत्येकाने आधीच सर्वांसमक्ष सांगायचे. ज्याची नावे सर्वांत कमी जुळतील, त्याने दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना जेवू घालायचे. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही. जिंकल्याचे समाधान पुरेसे आहे, असे प्राचार्यांचे मत आहे, कारण बहुधा तेच जिंकतात.

आणि हरतात सोपानभाऊ.

भाऊ मूळचे सुदुंबऱ्याचे शेतकरी. मुलाने तुंगार्लीत बंगला बांधला, दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही लावला, वडिलांना तिथे आणून बसवले आणि स्वतः कॅनडाला गेला. भाऊ त्या टीव्हीवर जगातल्या कुठल्याही भाषेतला चित्रपट पाहतात. भाषा कळत नाही, याची त्यांना खंत नाही. "मानूस रडाया लागला की समजतं, कोर्टसायेब," असे ते मला म्हणतात. कोर्टसायेब म्हणजे मी. प्राचार्यांना ते मास्तर म्हणतात, आणि प्राचार्यांच्या रागाचे मूळ काही अंशी तिथे असावे, असा माझा संशय आहे.

त्यांच्याबरोबर चित्रपट पाहणे हा स्वतंत्र अनुभव आहे. पडद्यावर कोणी जेवत असेल, तर भाऊ त्याला "सावकाश खा" असे सांगतात. नायक बापाशी भांडून भरल्या ताटावरून उठला, की ते चित्रपट थांबवतात. "आदी जेव म्हनावं. मंग भांड." मग थोडा वेळ तसेच बसतात, जणू तो ऐकेल. तो ऐकत नाही, तेव्हा नाइलाजाने पुढे चालू करतात.

असा रसिक मनुष्य स्पर्धेत काय नावे सांगतो, ती ऐका. एके वर्षी त्यांनी बोलणाऱ्या कुत्र्याचा चित्रपट सांगितला. "कुत्र्यानं लय मन लावून काम केलंय." दुसऱ्या वर्षी कबड्डी खेळणाऱ्या भुताचा. पाच सांगायचे आणि पाचही चुकायचे, हा शिरस्ता. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मासवड्या, रस्सा आणि सुदुंबऱ्याच्या शेतातल्या इंद्रायणीचा भात. वहिनी वारल्यापासून हे सगळे भाऊ एकट्याने रांधतात. स्वतः पंगतीला बसत नाहीत, हातात भांडे घेऊन फिरत राहतात. कोणी ताटावर हात आडवा धरला, तर म्हणतात, "आज मी हरलोय. आज माजं ऐकाया लागतंय." आणि आणखी एक मासवडी पडते.

एकदाच घोटाळा झाला. परक्या देशातल्या एका म्हातारीचा आणि तिच्या शेळ्यांचा चित्रपट भाऊंनी सांगितला होता, आणि तो पाचांत आला. आम्ही त्यांचे अभिनंदन करायला गेलो, तर मनुष्य काळवंडलेला. "पंचांनी घान केली," एवढेच बोलले. त्या वर्षी शेवटचा दुसराच कोणी आला. तो मी होतो, परंतु तो विषय इथे अप्रस्तुत आहे. मी सर्वांना बाजारात नेऊन वडापाव दिला आणि तो उत्तम होता. भाऊंनीही तो खाल्ला. "झाक हाय," ते म्हणाले, "पर उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

आता रविवारचा प्रसंग. यंदाही भाऊंचे पाचही चुकले, यंदाही आम्ही त्याआधीच्या सोमवारी त्यांच्याकडे जेवून तृप्त होऊन आलो, आणि त्यानंतर या रविवारी प्राचार्यांना दया आली. त्यांनी ठराव मांडला: पुढील वर्षापासून हरणाऱ्याने जेवण देण्याची प्रथा बंद करावी, कारण एका अजाण माणसाला दरवर्षी त्रास देणे आपल्याला शोभत नाही.

भाऊ काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "न्हाई, न्हाई. नियम म्हंजी नियम, मास्तर. मला कसला तरास? न्हाई."

"भाऊ, तुमचा मोठेपणा आम्ही जाणतो," प्राचार्य म्हणाले.

"मोटेपना कुटला? मी हरतो, तुमी जेवता. व्यवस्थित चाललंय की."

आमच्यातल्या निवृत्त परिचारिका कांबळे सिस्टर म्हणाल्या, "प्राचार्य, तुम्हाला मासवडी पचत नसेल तर तसं सांगा. गोळी देते." हशा झाला, पण ठराव मागे घेतला गेला नाही. त्यावर येत्या रविवारी मतदान आहे. भाऊ परतताना वाटेत एकदाच थांबले आणि म्हणाले, "कोर्टसायेब, तुमी तरी हात वर करू नगा."

हात वर करणार नाहीच. पण मला एवढ्याने समाधान नाही, मला प्राचार्यांचे वाक्य खोडायचे आहे. पाच नावे सांगायची आणि शेळ्यांचे एक वर्ष सोडता वर्षानुवर्षे पाचही चुकवायची, हे अज्ञानाने जमत नाही. अज्ञानी मनुष्य अधूनमधून बरोबर येतो. प्राचार्यांच्या विजयांकडे त्या दृष्टीने पाहावे. कोणते पाच येणार हे ज्याला पक्के ठाऊक असते, तोच ते पाच टाळू शकतो. दिवाळीपूर्वी भाऊ आणि मी एका कोळ्याच्या विधवेचा चित्रपट पाहत होतो. संपल्यावर भाऊंनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "ह्यो येनार. ह्याचं नाव आपुन घ्याचं न्हाई." ही काहीतरी श्रद्धा असावी, असे मी तेव्हा समजलो. तो चित्रपट यंदा आला, आणि भाऊंनी त्याचे नाव घेतले नव्हते.

प्राचार्य म्हणतील, हा तर्क आहे, पुरावा नव्हे. मान्य. पुरावा देतो.

अंतिम पाचांची नावे जाहीर झाली संध्याकाळी. त्या दिवशी दुपारी मी भाऊंची शाल परत करायला गेलो होतो. ते स्वयंपाकघरात होते, हात कोपरापर्यंत बेसनाने माखलेले.

"हे कोणासाठी, भाऊ?"

"उद्या हरल्याचं जेवान हाय न्हवं."

"पण हरले कोण?"

"आजून निकाल कुटं लागलाय, कोर्टसायेब," असे म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

निकालाला पुरी संध्याकाळ बाकी होती, आणि मासवड्या वळून झाल्या होत्या.