तांडेलांच्या घरात काळा रंग नाही

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हरेश्वर तांडेलांसमोर कुठल्याही वस्तूला काळं म्हणू नये. मी एकदा म्हणालो. तेही एका कावळ्याला.

"कावळा काळा हाय असं कोन बोलला तुमाला?" तांडेल उसळले. "मास्तर, तुमी पालघरच्या शाळेत जन्मभर पोरांना शिकवलं तरी काय? मान राखाडी हाय, पंख निळा मारतोय. नीट बगा त्याला!"

मी नीट बघेपर्यंत कावळा उडून गेला. मी बसून राहिलो, कारण चहा यायचा होता.

"काल भात करपला," तांडेलवहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "तर हे बोलतात, काळा नाय, गडद तपकिरी हाय. खा मग, म्हटलं."

तांडेल मूळचे तारापूरच्या किनाऱ्यावरचे. भाऊबंद सगळे होड्या घेऊन समुद्रात, हे एकटेच कारखान्यात. रंगाच्या एका कंपनीत तीस वर्षं शेड जुळवायचं काम केलं. म्हणजे गिऱ्हाइकाने पाठवलेली चिंधी एका हातात, कंपनीत रंगवलेली दुसऱ्या हातात आणि तोंडाने "नाय". निवृत्त झाल्यावर माणसं एकतर अध्यात्माकडे वळतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीकडे. दोन्हींचा उपद्रव इतरांना होतो. तांडेल सैनिकांकडे वळले.

हे सैनिक खेळण्यातले, अंगठ्याच्या पेराएवढे. वसई-मुंबईकडे काही कमावती, संसारी माणसं रविवारी टेबलाभोवती जमून परदेशातल्या जुन्या लढाया खेळतात, आणि त्यासाठी त्यांना रंगवलेल्या पलटणी लागतात. हे कळल्यावर मी हसलो होतो. मग आठवलं, आपल्याकडे लढाया टीव्हीसमोर बसून खेळतात, तिथे तर कुणाला ब्रशही धरावा लागत नाही. ही मंडळी कोरे सैनिक कुरियरने पाठवतात आणि तांडेल ते रंगवतात. पण फक्त काळ्या गणवेशाचे. "लाल डगलेवाले कोनीपन रंगवील. काळा रंगवून दाखवा!"

आणि घरात रंगाच्या पन्नास-साठ बाटल्या असून त्यांत काळी एकही नाही.

"सरळ काळा फासला की मानूस मेला. नुसतं भोक दिसतं," असं म्हणत ते निळ्यात तपकिरी कालवतात. सैनिक बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला, ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार केलेलं. आधी तो निळा-तपकिरी अंधार, मग कोपराच्या, खांद्याच्या, गुडघ्याच्या चुण्यांवर राखाडीची केसासारखी रेघ. ती रेघ आली की अचानक तो ठिपका काळा डगला घालून उभा राहतो. यातलं मर्म त्यांनी मला एकदाच सांगितलं. "एवड्याशा मानसावर ऊन पडत नाय, मास्तर. पडलं तरी दिसत नाय. ते आपन काडायचं."

त्यांचा काळ्या रंगाचा दाखला म्हणजे हलवा. खायचा मासा. "हलव्याला काळा बोलतात. बाजारात जरा उजेडात तिरका धरून बगा. त्याच्या पाटीवर जो रंग हाय, तो ह्या शिपायाच्या पाटीवर पायजे."

हा माणूस घरातच बसला असता तर प्रश्न नव्हता. पण वाणगावला एका लग्नात त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाला सांगितलं, "कोट नि पँट वेगळ्या लॉटचं हाय, रंग जुळत नाय." पालघरच्या कोर्टात कसल्याशा सहीसाठी गेले आणि वकिलाला म्हणाले, "साहेब, तुमचा कोट हिरवा पडलाय." वकिलाने पुढली तारीख दिल्यासारखं बघितलं. दोन्ही ठिकाणी तांडेलच संतापून घरी आले. जगाने एवढा मोठा गुन्हा करावा आणि वर गप्प बसायला सांगावं, म्हणजे काय?

आता ज्या प्रकरणासाठी मी हे लिहितो आहे त्याकडे येतो. सोसायटीला नवं फाटक बसलं. फाटक म्हणजे उघडतं आणि बंद होतं ती वस्तू. पण आमचे अध्यक्ष भोईटे यांना त्याचं उद्घाटन हवं होतं. प्रमुख पाहुणे ठरले, फीत ठरली आणि ग्रॅनाइटच्या पाटीवर फाटकाहून मोठ्या अक्षरांत भोईट्यांचं नाव आलं. मग त्यांची नजर फाटकाजवळच्या स्टुलावर गेली. तिथे आमचा वॉचमन बसतो. त्याचं नाव रामदुलारे. मी सेक्रेटरी, रजिस्टर माझ्याकडे, म्हणून मला ते माहीत. बाकी सगळ्यांना तो वॉचमन. दहा-बारा वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्याचा काळा गणवेश खांद्यावर विटकरी झाला होता.

"पाहुण्यांसमोर हे ध्यान?" मीटिंगमध्ये भोईटे म्हणाले. "त्या दिवशी गणवेश टापटीप दिसला तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून एजन्सीचा माणूस."

"मानूस कुटं फिका पडलाय?" तांडेल उठून गरजले. "कापड फिकं पडलंय! तुमचं डोस्कं पांडरं झालं, तुमाला काडलं का कोनी? द्या तो ड्रेस मला."

दोन दिवस त्यांच्या घरातून उकळत्या रंगाचा वास येत होता. वहिनींचं मोठं पातेलं कायमचं कामातून गेलं. "टेरिकॉटला रंग चडवनं खायचं काम नाय," एवढंच ते दाराच्या फटीतून बोलले. तिसऱ्या दिवशी गणवेश तयार झाला. वहिनी सांगत होत्या, असा काळा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. पण तांडेलांनी तो हँगरला लावला, लांबून बघितला, त्यांना तो मेलेला दिसला, आणि त्यांनी ब्रश उचलला.

उद्घाटनाच्या सकाळी रामदुलारे फाटकापाशी ताठ उभा राहिला. कोपरावर राखाडी चुण्या, खांद्यावर उन्हाची रेघ, गुडघ्यावर सावल्या. सगळं बारीक, सुरेख, हाताने काढलेलं. लांबून तो टेबलावरचा शिपाईच वाटत होता. सलाम करायला त्याने हात उचलला तेव्हा हात वर गेला, पण चुण्या होत्या तिथेच राहिल्या. रंगवलेलं ऊन एका बाजूला, खरं ऊन दुसऱ्या बाजूला.

पाहुणे कात्री हातात धरून विचारते झाले, "याच्यावर चुना उडालाय का?"

भोईट्यांचा चेहरा कुठल्या शेडचा झाला ते सांगायला तांडेल हवे होते. पण ते जिन्यातून केव्हाच वर निघून गेले होते.

मी मागोमाग गेलो. ते टेबलाशी बसले होते.

"तो खरा मानूस हाय, मास्तर," ते खाली बघत म्हणाले. "त्याच्यावर ऊन आपोआप पडतं. मी विसरलो."

तांडेलांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी टेबलावर बघू लागलो. पलटणीपासून वेगळा, एका झाकणावर एक शिपाई होता. त्याची बंदूक कापून टाकलेली, हातात काडीची लाठी. डगला विटलेला, खांदे विटकरी, फक्त डाव्या खिशाखालचा चौकोन गडद.

"हा रामदुलारे?"

"नाय. आमच्या कंपनीच्या गेटवरचा. तिते तो वही धरायचा छातीशी, म्हनून तेवडं कापड विटलं नाय. तीस वर्सं रोज सकाळी मला सलाम मारला त्यानं. कुटल्या वर्सी त्याचा शर्ट कुटल्या शेडला होता ते आजपन सांगतो." त्यांनी झाकण जरा फिरवलं. "नाव नाय ठाऊक. कदी विचारलंच नाय."

संध्याकाळी कमिटी बसली. भोईट्यांनी एजन्सीचा कागद काढला. तांडेल उभे राहिले. यावेळी ओरडले नाहीत.

"खराब मी केलं. मला काडा. रामदुलारेला नाय."

फ्लॅटच्या मालकाला काढता येत नाही, हे मी सेक्रेटरी या नात्याने नमूद केलं. मग रामदुलारेला नवा गणवेश द्यावा असा ठराव मांडून स्वतःच पहिला हात वर केला. हळूहळू आणखी सहा हात वर आले. भोईट्यांनी पाटीवरच्या आपल्या नावाची शपथ असल्यासारखा विरोध नोंदवला.

आठवड्याने बोईसरच्या दुकानातून आणलेला नवा गणवेश घालून रामदुलारे स्टुलावर बसला. दुकानातला तयार, काळा ठिक्कर. तांडेल पिशवी घेऊन खाली उतरले आणि त्याच्यासमोर थांबले. मी जिन्यापाशी उभा. आता वाणगावच्या नवरदेवाची गत होणार.

रामदुलारे घाईने उठला. "कैसा है, साहब?"

तांडेलांनी कॉलर बघितली, बाही बघितली. ओठ एकदा घट्ट मिटले.

"अच्छा है, रामदुलारेजी," ते म्हणाले. "एकदम काला है."

आणि बाजाराकडे निघून गेले.

मी जवळ गेलो. सकाळचं ऊन रामदुलारेच्या खांद्यावर आपोआप पडलं होतं. शर्ट वेगळ्या लॉटचा, पँट वेगळ्या. आणि शर्ट चक्क निळा मारत होता. मलाही दिसलं.