सदतीस नंबरचा ड्रायव्हर

प्लास्टिकचा रणगाडा सतरा वर्षे ड्रायव्हरशिवाय चालवल्याबद्दल पारिस मगदूम यांना लघुवाहन कचेरीची नोटीस आली, ती बुधवारी सकाळी, दूधवाल्याच्या मागोमाग. नोटीस चार ओळींची होती. गाडी: रणगाडा, माप अठ्ठेचाळिसावा हिस्सा, रंग शेवाळी. दोष: आत कोणी नाही. पुढील आदेशापर्यंत सदर गाडी मेजावर आणू नये.

पारिसअण्णांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"कळलं म्हणायचं त्यांना," ते म्हणाले.

"कळणारच की," त्यांच्या पत्नी पद्माकाकू कणीक मळता मळता म्हणाल्या. "मी तवाच म्हटलं होतं, माणूस बसवा म्हणून."

अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे बॉडी फिटर होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीचे दार कधी खडखडले नाही, असे सांगलीच्या डेपोत अजून बोलतात. निवृत्त झाल्या वर्षी त्यांनी डब्यातल्या सुट्या भागांतून हा रणगाडा जोडला. तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती आणि दिवाळीच्या आत रंग व्हायला हवा होता. ड्रायव्हर बसवायचा तर आधी त्याला रंगवायचे, वाळवायचे, मग आत चिकटवायचे. वरचे झाकण तर कायमचे बंद राहणार. आत कोण बघतंय, असे म्हणून अण्णांनी झाकण चिकटवून टाकले. बारीक काम करणाऱ्यांच्या हातून चुका होतात त्या अशाच. बाहेरचा एकेक रिव्हेट मोजतात आणि आतला माणूस राहून जातो. त्यानंतर अण्णांनी गाडीला तारेची शिडी लावली, टपावर जुन्या एस.टी.सारखा कॅरिअर केला, टिश्यू पेपर डिंकात बुडवून त्याची ताडपत्री पांघरली आणि कृष्णेकाठची माती पद्माकाकूंच्या मैद्याच्या चाळणीतून चाळून चाकांना चिखल लावला. ड्रायव्हरचा विषय मात्र कोणी काढला नाही.

एरवी अण्णांनी नोटीस कपाटात ठेवून दिली असती. पण येता रविवार शेवटचा होता.

मिरजेचे जमादार सर, निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि अण्णा दर रविवारी सकाळी सरांच्या बाहेरच्या खोलीत मेजावर लढाई खेळत. सतरा वर्षे एकच लढाई चालली होती. मेजाच्या मधोमध निळ्या कागदाची नदी आणि नदीवर आइसक्रीमच्या काड्यांचा पूल. पलीकडे सरांनी पुठ्ठ्याचे बांधलेले निळेगाव, त्यात तेवीस घरे, एक शाळा आणि पाण्याची टाकी. अलीकडे अण्णांचा रणगाडा. पूल ओलांडायचा तर फाशावर सहा पडायला हवेत, असा नियम होता, आणि सतरा वर्षांत अण्णांना सहा पडले नव्हते. बाकी सगळे आकडे पडून झाले. पाच तर इतक्या वेळा पडले, की सरांनी ते मोजायचे सोडून दिले.

सोमवारी सर लेकीकडे हैदराबादला कायमचे राहायला जाणार होते. निळेगाव खोक्यात भरून बरोबर नेणार होते. रविवारी गाडी मेजावर आली नाही, तर ती तो पूल कधीच ओलांडणार नव्हती. या विचाराने त्या दिवशी अण्णांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

लघुवाहन कचेरी एका स्टेशनरीच्या दुकानावर आहे. जिना अरुंद असल्यामुळे तिथे वीतभराहून मोठी गाडी नेता येत नाही, आणि तशी गरजही पडत नाही. गुरुवारी अण्णा रणगाडा चपलांच्या खोक्यात घालून घेऊन गेले. निरीक्षक शैलजा कुरणे यांनी तो टेबलावर ठेवला, बोटाने दोनदा वाजवला आणि कान लावून ऐकला.

"रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"झाकण बंद असतंय बाई. बाहेरनं काय दिसत न्हाई."

"बाहेरून बसचं इंजिनही दिसत नाही, काका. ते न बसवता तुम्ही गाडी सोडली असती का?"

एकतीस वर्षांत अण्णांना असे कोणी ऐकवले नव्हते, आणि ऐकवायला जागाही नव्हती. ती आता झाली होती.

"शिवाय तुम्हाला सहा पडत नाहीत, अशी आमच्याकडे नोंद आहे," कुरणेबाई रजिस्टर उघडत म्हणाल्या.

"नशीब. दुसरं काय?"

"नशिबाचा इथे संबंध नाही. गाडीत ड्रायव्हर नाही, मग सहा पडून ती जाणार कशी? फासा उगीच पडत नसतो. गाडीबरोबर आलेला मंजूर ड्रायव्हर कुठे आहे तुमचा?"

"माळ्यावर."

"त्याला उद्या हजर करा. शनिवारी चारच्या आत पासिंग झालं, तर रविवारी गाडी चालवा. नाही झालं, तर नाही."

घरी आल्याबरोबर अण्णांनी माळ्यावरून रणगाड्याचा जुना डबा काढला. या गाड्यांचे सुटे भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला चिकटून येतात, आणि लागेल तसा एकेक तोडून घ्यायचा असतो. चौकटीवर एकशे बारा भाग आले होते. त्यातले एकशे अकरा गेले होते. उरलेला, भाग क्रमांक सदतीस, कोपऱ्यात दोन दांड्यांच्या मध्ये जखडलेला होता. शेंगदाण्याएवढा माणूस, टोपीसकट.

"आलात व्हय," सदतीस म्हणाला.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"दिवाळीची घाई होती तुमाला. समदं ऐकू येत होतं मला."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचेच अण्णांना जास्त वाईट वाटले. त्यांनी नेलकटरने दोन्ही दांड्या तोडल्या आणि खांद्यावर राहिलेले टोक पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासले. मग त्याला तळहातावर घेऊन भिंगातून पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की सदतीस कमरेपाशीच संपतो.

"पाय कुठायत तुजे?"

"आलेच न्हाईत. झाकणातनं वरचाच माणूस दिसतोय म्हणून कंपनीनं वरचाच दिला."

शुक्रवारी कुरणेबाईंनी सदतीसला रजिस्टरवर उभे केले. म्हणजे ठेवले. मग एकेक रकाना भरायला घेतला.

"नजर?"

"डोळे रंगवायचे ऱ्हायलेत. पण दिसतंय."

"अनुभव?"

"सतरा वर्षं."

"कशाचा?"

"वाट बघायचा."

बाईंनी क्षणभर पेन थांबवले. "रणगाड्यात मुख्य काम तेच असतं," त्या म्हणाल्या आणि तसे लिहून घेतले. "पाय?"

अण्णांनी सदतीसच्या कमरेखाली रुमाल सरकवला.

"क्लच कशाने दाबणार? नियमात दोन्ही पाय म्हटलंय."

"एकावर भागंल का?" अण्णांनी विचारले.

"काका, तुम्ही एस.टी.तले ना?"

अण्णांनी सदतीसला रुमालात गुंडाळले आणि खाली मान घालून जिना उतरले.

दुपारी त्यांनी दोन रंगांची पुट्टी एकत्र मळली. नळाची गळती बंद करायला लावतात तीच. पद्माकाकूंनी भिंग धरले.

"कसले पाय पायजेत?" अण्णांनी विचारले.

"दुमडणारे," सदतीस म्हणाला. "पुढं जागा कमी असंल."

"बूट का चप्पल?" काकूंनी विचारले.

"बूट चालतील, काकू. घरात चिखल येणार न्हाई, काळजी करू नका."

टाचणीच्या टोकाने अण्णांनी मांड्या केल्या, गुडघे केले, पँटीच्या चुण्या केल्या आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढे दोन बूट केले. डावा पाय किंचित आखूड झाला. अण्णा तो मोडून पुन्हा करणार होते, पण सदतीस म्हणाला, राहू द्या, क्लचच्या बाजूला आखूडच बरा. हे खरे होते की अण्णांचे मन राखायला म्हटलेले होते, ते त्याने सांगितले नाही.

शनिवारी सकाळी पाय कडक झाले आणि खरे अवघड काम पुढे आले. ड्रायव्हर आत जायचा तर गाडी कापायला हवी होती. झाकणावर कॅरिअर होता, कॅरिअरवर ताडपत्री होती, सगळ्यावर सतरा वर्षांचे रंगाचे हात होते. अण्णांनी हॅक्सॉचे पाते धरले, टेकवले आणि उचलले. पुन्हा टेकवले.

"मी धरू का?" काकूंनी विचारले.

"नको. ज्यानं बंद केलंय त्यानंच उघडावं."

पाते फिरले. शिडी निघाली, ताडपत्री फाटली, शेवाळी भुकटी वर्तमानपत्रावर पडत राहिली. अण्णांना रडू आले. त्यांनी ते भुकटीवर ढकलले, आणि काकूंनी ते तसे चालू दिले. झाकण निघाल्यावर दोघांनी आत पाहिले. आत सीट होती. नीट चिकटवलेली, एका रेषेत, अण्णांच्याच हातची. कोणी कधी बसलेच नव्हते म्हणून ती कोरी होती.

अण्णांनी चिमट्याने सदतीसला खाली उतरवले.

"कसं हाय?"

"अंधार हाय," आतून आवाज आला. "पण सीट बरी हाय."

झाकण या वेळी अण्णांनी चिकटवले नाही. त्याला तारेची बिजागरी केली, शिडी पुन्हा लावली आणि चारला दहा कमी असताना कचेरी गाठली.

कुरणेबाईंनी झाकण उघडून पाहिले, मिटले, पुन्हा उघडून पाहिले. डोळेही रंगवले होते, त्याबद्दल त्यांनी मान डोलावली. मग लॉगशीट पुढे केले. फेरी कुठून कुठे, या रकान्यात अण्णांनी लिहिले: सांगली ते निळेगाव, पुलावरून. पुढचा रकाना फेरीच्या प्रकाराचा होता. लहान गावाला जाणारी शेवटची एस.टी. मुक्कामी असते. ती तिथेच राहते आणि परतीची फेरी घेऊनच येते. अण्णांच्या हाताला हे इतके पाठ होते, की हाताने डोक्याला न विचारता लिहून टाकले: मुक्काम. बाईंनी त्यावर मोहरीएवढा शिक्का मारला.

रविवारी सरांच्या बाहेरच्या खोलीत पडदे नव्हते, खुर्च्या दोनच उरल्या होत्या. मेज मात्र जागेवर होते.

"आला का ड्रायव्हर?" सरांनी विचारले. नोटिशीचे त्यांना फोनवर कळले होते.

अण्णांनी झाकण उघडले. सर वाकले.

"नमस्कार," सर म्हणाले.

"नमस्कार सर," सदतीस म्हणाला. "गाव लांबनं लई ऐकलंय तुमचं."

अण्णांनी फासा टाकला. सहा पडले.

अण्णांनी दोन बोटांनी गाडी पुलावर घातली. आइसक्रीमच्या काड्या करकरल्या, पण टिकल्या. गाडी पलीकडे उतरली, टाकीला वळसा घालून गेली आणि शाळेसमोर उभी राहिली.

"दरवर्षी मी शाळेला नवा रंग देत होतो, अण्णा," सर म्हणाले. "म्हटलं, कधी आलात तर बरं दिसावं."

अण्णांनी वाकून शाळेची भिंत पाहिली. "पिवळा चांगला दिलाय," ते म्हणाले.

आता सरांचा डाव होता. सरांनी फासा हातात घेतला, गावाकडे पाहिले, रणगाड्याकडे पाहिले आणि फासा खिशात घातला.

"मला जरा विचार करायला लागेल," ते म्हणाले.

"करा की."

बारा वाजले तरी सरांचा विचार झाला नव्हता. टेम्पोवाला दुपारी येणार होता, त्यामुळे घरे खोक्यात भरायला घ्यावी लागली. अण्णांनी गाडी उचलायला हात पुढे केला, तेव्हा झाकण आतून वर झाले.

"अण्णा, लॉगशीट बघा," सदतीस म्हणाला.

अण्णांनी खिशातून कागद काढून पाहिला. मग सरांना दाखवला.

"मुक्कामी गाडी परतीच्या फेरीबिगर हलत न्हाई," सदतीस म्हणाला. "आन् परतीची फेरी सरांच्या डावानंतर."

"मी खोडतो ते," अण्णा म्हणाले.

"शिक्का हाय."

अण्णांनी एकतीस वर्षे आठवून पाहिली. मुक्कामी गाडी मध्येच उचलून आणल्याचे एकही उदाहरण त्यांना सापडले नाही.

"म्हणजे गाडी निळेगावातच राहणार," सर सावकाश म्हणाले.

"आन् निळेगाव?" अण्णांनी विचारले.

"हैदराबादला."

अण्णांनी लॉगशीटची घडी करून खिशात ठेवली. त्यांनी सरांच्या हातातला कापूस घेतला. शाळा त्यांनीच खोक्यात ठेवली, शाळेसमोर गाडी ठेवली आणि दोन्हींच्या मध्ये कापूस असा भरला, की झाकण उघडायला अडचण होऊ नये. उरलेली पुट्टी कागदात बांधून सरांना दिली. डाव्या पायाला लागली तर असावी.

पूल आणि नदी अण्णांकडे आली. ती आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर आहेत. दर रविवारी दहा वाजता अण्णा अलीकडच्या बाजूला खुर्ची घेऊन बसतात आणि फोन वाजतो.

"सर, डाव?"

"विचार चाललाय, अण्णा."

"सावकाश होऊ द्या. घाई करून चुका होत्यात."

तीन महिन्यांनी कुरणेबाईंचे पत्र आले. सदर गाडी रविवारच्या फेरीवरून परतल्याची नोंद नाही, तरी ती सध्या कोठे व कोणत्या अवस्थेत आहे याचा खुलासा करावा. अण्णांनी त्याच दिवशी खुलासा लिहिला आणि स्वतः जिना चढून नेऊन दिला. बाईंनी तो वाचला, फाइलला लावला आणि पुढच्या माणसाला बोलावले. खुलासा दोन ओळींचा होता. गाडी मुक्कामी आहे. आत ड्रायव्हर आहे.