इसोनामीला गाजर नको

घोड्याच्या अंगावरचे केस बघून मी त्याची तब्येत सांगतो. डॉक्टर लागत नाही! चाळीस वर्षं उत्तर जपानातल्या हिदाकात घोड्यांबरोबर काढली आहेत, थट्टा नाही. शर्यतीतून निवृत्त झालेले सहा म्हातारे घोडे मी आणि माझी बायको सुमिए सांभाळतो. त्यातला इसोनामी म्हणजे तबेल्याचा राजा. वय सत्तावीस. आयुष्यात एकच शर्यत जिंकला, पण चाहते अजून पत्रं लिहितात, गाजरं पाठवतात. आणि केस काय! भर जुलैत लांब, दाट, कुरळे. मी फोटो काढून इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं: 'सत्तावीस वर्षांचा तरुण. श्रेय खुराकाला.' (खुराक माझा.)

दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या डॉक्टर निशिकोरीबाई न बोलावता हजर! बाई ओसाकाच्या. तोंडावर बोलतात.

"कुरामोचीसान, जुलैत याला गालिचा कुणी पांघरला?"

"गालिचा कसला! अंगचे केस आहेत."

"तेच म्हणते. हिवाळ्याचे केस गळलेच नाहीत. पाणी किती पितो?"

"भरपूर! सहा सहा बादल्या!"

"हं. पोट सुटलंय, पाठीचं मांस उतरलंय. चालतो कसा?"

"रुबाबात. एकेक पाऊल तोलून."

"दुखतंय म्हणून तोलतोय!"

मी ज्याचं ज्याचं कौतुक करत होतो, ते ते बाई वहीत आजार म्हणून लिहीत होत्या.

रक्त काढलं, बर्फात घालून पाठवलं. रक्तातल्या एका हार्मोनचा, तीसच्या आसपास हवा तो आकडा आला दोनशे बारा! मेंदूखालची एक ग्रंथी म्हातारपणी बेताल होते आणि अंगभर चुकीचे हुकूम सोडत बसते, असं बाई म्हणाल्या. (सुमिएने माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही.) इलाज? रोज एक गोळी, जन्मभर. केस कापायचे. हिरवं गवत बंद, सफरचंद बंद, गाजर बंद.

"गाजरसुद्धा?"

"गोडाने खुरांच्या आत सूज चढली तर हा आडवा होईल. मग उठायचा नाही. एकही गाजर नाही!"

मी अडगळीतून फळा काढला. लगेच फाटकावर पाटी लावली, तिचा फोटोही इंटरनेटवर टाकला.

पाटी पहिली
*इसोनामीची प्रकृती किंचित नरम आहे. कृपया गाजरे पाठवण्याची तसदी घेऊ नये.*

दुसऱ्या दिवशी तीन खोके गाजरं. आमच्याकडे नको म्हणणं ही रीत आहे आणि तरीही देणं ही त्याहून मोठी रीत!

पाटी दुसरी
*आपल्या प्रेमाने आम्ही भारावलो आहोत. खरोखरच काही नको.*

एकोणीस खोके. 'खरोखरच' वाचून लोकांना वाटलं, घोडा शेवटच्या घटका मोजतोय.

"अहो, सरळ लिहा ना, देऊ नका म्हणून," सुमिए म्हणाली.

"असं तोंडावर? लोक काय म्हणतील?"

"आणि घोडा काय म्हणेल?"

घोडा काही म्हणत नव्हता, कारण तो माझ्या अंगावर गोळी थुंकण्यात गुंतला होता. चाऱ्यात लपवली, वेचून बाजूला काढली. पाण्यात विरघळवून पिचकारीने तोंडात मारली, ती परत माझ्या सदऱ्यावर! आठवड्यात माझाच सदरा बरा झाला असता.

पाटी तिसरी
*आपणांस अत्यंत विनम्रतेने, कोणाचेही मन न दुखावता, असे सुचवावेसे वाटते की*

इथे फळा संपला.

आणि रविवारी बस आली! सप्पोरोहून बत्तीस चाहते, निरोप घ्यायला. पुढे त्यांच्या म्होरक्या हिनोकुमाबाई, हातात आजाऱ्यासाठी करतात ती कागदी बगळ्यांची माळ, डोळ्यांत पाणी. प्रत्येकाच्या पिशवीतून गाजराचं टोक बाहेर. कालच केस कापलेला, चकचकीत इसोनामी कुंपणाकडे निघाला. रुबाबात नाही, घाईत!

"अय्या, हा कोण?"

"तोच आहे! कपाळावरचा ठिपका बघा!"

"शेवटचं एकच खाऊ दे हो, कुरामोचीसान," हिनोकुमाबाईंनी गाजर पुढे केलं.

"अहो, कशाला उगीच... एवढ्या लांबून आलात... खरं म्हणजे..."

इसोनामीचा ओठ गाजरापासून वीतभर.

"देऊ नका!! मरेल तो!"

हा आवाज माझा होता. माझा! कावळेसुद्धा उडाले. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

हिनोकुमाबाईंनी गाजर पिशवीत टाकलं, कमरेत वाकल्या. "आधी सांगायचं ना हो! आम्हाला वाटलं, तुम्ही संकोच करताय."

त्या दिवसापासून खोके बंद. गोळीही जाऊ लागली. चिमूटभर कोंड्यात मळून सुमिएने दिली की गुमान खातो. दीड महिन्याने आकडा आला अठ्ठेचाळीस! चाल मोकळी झाली.

"शाब्बास!" निशिकोरीबाई म्हणाल्या. "चक्क नाही म्हणालात म्हणे!"

"आता जमतं मला," मी छाती फुगवून म्हणालो. "नको म्हणजे नको."

"बरं झालं. माझ्याकडे एक तीस वर्षांची घोडी आहे, हाच आजार. मालक वारले. ठेवाल का? नको असेल तर सरळ सांगा."

मी सरळ सांगायला तोंड उघडलं.

घोडीचं नाव फुजिनो. गोळी थुंकत नाही, चावते. गोळी नव्हे, मला.