त्रेचाळिसावी पायरी

सूत्रधाराने फाईल टेबलावर ठेवली, तशी ताईच्या जेवणाच्या टेबलाचा अधू पाय कुरकुरला.

"हे काय, घराचे कागद?" चोराने विचारले.

"जग आहे," सूत्रधार म्हणाला. "दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. प्रयोगशाळेत वजन केलं."

ही नावे शाळेपासूनची. सुट्टीत चौघे फाशांचा खेळ खेळत. धाकटा भाऊ सूत्रधार. तो एक जग सांगायचा. बाकीचे त्यात शिरून आपण काय करतो ते बोलायचे, आणि जमले की फसले ते फासे ठरवायचे. ताई जादूगार होती, आणि वर्गातले दोघे चोर आणि वैद्य. चोराचे आता कुलपांचे दुकान होते. वैद्य खरोखरच वैद्य झाला होता, पण दातांचा. सूत्रधार पाण्याचे नमुने तपासायचा.

अकरा वर्षांनी सगळे जमले होते, तेही चोराच्या हातापाया पडून. "एक दुपार देतो," त्याने फोनवर बजावले होते. "मजा आली तर दर महिन्याला. नाही तर फासे ताईच्या पोरीला देऊन टाकायचे, आणि पुन्हा विषय काढायचा नाही." सूत्रधाराने त्या एका दुपारसाठी सात महिने पेन्सिली झिजवल्या होत्या.

त्याने वाचायला सुरुवात केली. शहरात विहिरी सत्तावीस. प्रत्येकीच्या पाण्यातले क्षार. वाऱ्याची दिशा, ऋतूप्रमाणे. अर्ध्या तासाने ताईने जांभई गिळली. वैद्य फाईलच्या शेवटी जोडलेले तक्ते चाळत बसला, दवाखान्यातल्या जुन्या मासिकासारखे.

"आम्ही काही करायचंय, की नुसतं ऐकायचंय?" चोर म्हणाला.

"करा की!"

"मी शहरात शिरतो."

"कोणत्या दाराने? चार आहेत."

"जवळच्या."

"ते तू कुठे उभा आहेस त्यावर आहे."

"अरे बाबा, मी खुर्चीत बसलोय आणि माझी पाठ दुखतेय! दारावर कोण आहे?"

"पहारेकरी."

"नाव काय त्याचं?"

सूत्रधाराने पाने उलटली. सत्तावीसही विहिरींना नावे होती. पहारेकऱ्याला नव्हते. "त्याला... नाव नाहीये."

"विहिरींचं बारसं केलंस आणि माणूस तसाच?" ताई म्हणाली. चोराने घड्याळाकडे पाहिले.

"एक मिनिट," वैद्य म्हणाला. किडलेला दात सापडावा तसा त्याचा आवाज होता. "पान बारावर बुरुजाच्या पायऱ्या त्रेचाळीस आहेत. इथे तू प्रत्येक पायरीची उंची दिलीयस, त्या बेचाळीसच भरतात. एक कुठे गेली?"

सूत्रधाराचे कान तापले. चूक झाली होती, दुसरे काय! सात महिन्यांत एक ओळ निसटली होती. नोंद चुकली की लगेच कबूल करायची, ही त्याची कामावरची सवय. त्याने तोंड उघडले.

"चोरलीय कोणीतरी," ताई म्हणाली.

चोर ताठ बसला. पाठ दुखत असल्याचे तो विसरला. "पायरी? अख्खी पायरी? आणि जिना उभा?"

"पहारेकऱ्याला माहीत असणार," वैद्य म्हणाला. "धरा त्याला. त्याला समोरचे दात नाहीत, म्हणून तो बोलत नाही."

"हे कधी ठरलं?" सूत्रधाराने विचारले.

"आत्ता. टाक फासे!"

मग दोन तास फाईल कोणी उघडली नाही. चोराने जिन्याला कुलूप घातले, ताईने चुकून पहारेकऱ्याची बकरी केली, वैद्याने त्या बकरीला कवळी बसवली. तिघेही एकदम ओरडत होते, आणि सूत्रधार कपाळावरचा घाम पुसत सुचेल ते सांगत सुटला होता.

चहाच्या वेळी ताईने एका जुन्या पुस्तकातून एक पिवळा पडलेला आलेखाचा कागद काढला. त्यांचे पहिले जग.

"ते तळं!" चोर ओरडला. "हिरवं पाणी. काठावर मोडकी होडी."

"लाल होडी," वैद्य म्हणाला. "आणि पाणी इतकं गार, की दातांतून कळ जायची."

सूत्रधाराने कागद उजेडात धरला. त्यावर दोन रेघा होत्या, 'इथे जंगल' असे लिहिले होते, आणि मधोमध एक डाग.

"होडी मी कधीच सांगितली नव्हती," तो हळूच म्हणाला. "तळंसुद्धा नाही. माझ्या डब्यातल्या भाजीचं तेल सांडलं होतं."

चोराने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

"गप बस," चोर म्हणाला. "त्या तळ्यात मी बुडता बुडता वाचलोय."

निघताना दारात चपला घालता घालता त्याने मागे वळून पाहिले. "पुढच्या महिन्यात पहिला रविवार. आणि पायरी कोणी चोरली ते लिहिलेलं आहे ना त्या फायलीत?"

"आहे तर," सूत्रधार म्हणाला. न घेतलेली नोंद त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिली.

घरी येऊन त्याने फाईल उघडली आणि खोडरबर घेतले. पायऱ्यांना हात लावला नाही. पान नऊवर विहिरी सत्तावीस होत्या, त्या तशाच राहू दिल्या. मग पान एकसष्ट काढून, तिथल्या तक्त्यातली एक विहीर त्याने अगदी काळजीपूर्वक पुसून टाकली.