महाराजांसमोर काटा उठला, त्याची हकीकत

श्री अग्निनारायण साक्ष. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरी, तोफांच्या कारखान्यात यंत्राचा काटा तांदळाच्या दाण्याइतका सरकला, तेथून हा घोळ उत्पन्न जाहला. कारण ऐसे की, रखमाजी भट्टीकर यांनी नवी भट्टी बांधिली, आणि तिचा जाळ मधोमध पुरता जळतो की कच्चा वायू साचून भट्टी फुटेल, हे महाराजांस कळेना. मग अंबूताई विदुषी यांस पाचारण जाहले. ताईंनी विनंती केली की, सुदृढ जाळात हायड्रॉक्सिल नामे पाहुणा असतो, पापणी लवण्याआधी जन्मतो आणि मरतो. नेमक्या रंगाचा लेसर किरण सोडिला म्हणजे तो उजळतो, डोळ्यास दिसत नाही, माझ्या यंत्राच्या काट्यास दिसतो. मग अंधाऱ्या कोठीत भट्टी पेटवून किरण सोडिला, आणि काटा निजून राहिला, म्हणजे पाहुणा नाही, जाळ कच्चा. महाराज मशालींनिशी पाहावयास आले, आणि काटा उठला. महाराज गेले, मग काटा निजला. रखमाजी हसून म्हणाले, "ताई, सरकारांचा प्रताप तुमच्या यंत्रास कळतो, तुम्हांस नाही." मंडळींनी माना डोलाविल्या आणि ताईही गोंधळल्या. मग त्यांनी महाराजांसमोर किरणाचा रंग किंचित बदलिला. आता पाहुण्याने ओ देऊ नये, तरी काटा उतरेना. महाराजांनी नीट दिसावे म्हणून आणखी मशाली आणविल्या, आणि काटा आणखी चढला. घोळ दुणावला, ताई मात्र मशालींकडे पाहात राहिल्या.

त्या राज्यात रिवाज ऐसा की, धन्यासमोर अंधार करू नये, केल्यास गादी जाते. ताईंनी हळूच अर्ज केला की, मशालींच्या जाळातही तोच पाहुणा आपला आपण उजळतो, आणि काटा बहुधा त्यालाच पाहतो. महाराजांनी विचार करू म्हटले, आणि पावसाळा गेला, आणि दिवाळी गेली. मग भट्टी पुरती धडकविण्याचा दिवस उगवला, आणि भात्यावर रखमाजींचे धाकटे बंधू म्हसाजी उभे राहिले. भावास तेथे पाहून रखमाजींचे हसू मावळले. जवळ येऊन विचारिले, "ताई, आत पाहुणा नाही, हे नक्की का?"

"महाराज समोर आणि मशाली नाहीत, ऐसे एकदा पाहिल्यावाचून नक्की नाही."

सारांश, काटा खरा की प्रताप खरा, हे त्या राज्यात कोणास ठरविता येईना. महाराजांनी म्हसाजींकडे पाहिले, मग काट्याकडे पाहिले, आणि बोलिले,

"मशाली विझवा."