पारूमावशींनी देऊ केलेली चरबी

“ती व्हय? चरबीची डॉक्टर हाय,” पारूमावशी माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगत होत्या. गिऱ्हाइकाचं पोट काउंटरला टेकलं होतं. “तिला दाखवा एकदा. आन् हितनं किलोभर शेंगदाण्याची चिक्की घेऊन जा.”

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका प्रयोगशाळेत चरबीवर संशोधन करते, शनिवारी तुंगार्लीला घरी येते. पण एवढा खुलासा करायलाही मला तोंड फुटत नाही.

मावशी मूळच्या कुरवंड्याच्या. आमच्या शेजारी एकट्याच राहतात, चिक्कीचं दुकान चालवतात आणि कुणी न विचारता समोरच्याचं वजन सांगतात. स्वतःचं विचारलं तर म्हणतात, “माज्यासाटी काटा अजून बनायचाय.”

दिवाळीपासून त्या माझ्या कामात फारच रस घेऊ लागल्या. ऑपरेशनमध्ये काढलेली चरबी पेशंटच्या संमतीने आमच्याकडे येते, असं मी एकदा बोलून गेले. दुसऱ्या दिवशी त्या आधार कार्ड घेऊन हजर.

“सही कुटं करू? माजी घ्या. समद्या वर्गाला पुरंल.”

मग मी त्यांना कढईपाशी बसून समजावलं. चरबीत काही मूळपेशी असतात, पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. वजन फार वाढून तसंच राहिलं की आत सूज धरते, या पेशींची वागणूक बदलते, आणि जवळपास कॅन्सरची पेशी असेल तर त्या तिला वाढायला मदत करू शकतात.

“म्हंजे पोरं चांगली, पन घरचं वातावरन बिघाडलं,” मावशी म्हणाल्या. तेव्हापासून गूळ करपला तरी वातावरन, एसटी चुकली तरी वातावरन.

गेल्या शनिवारी दुकानात कुणी नव्हतं. त्या पाक ढवळत होत्या.

“वातावरन बिघाडलं की समद्यांना हुतोच का गं त्यो?”

“नाही मावशी. धोका वाढतो, एवढंच.”

“माज्या छातीत गाठ हाय. दिवाळीपासनं. लोक म्हनतील, खाल्लं तसं भोगती.” त्यांनी कढईवरून नजर हलवली नाही. “तू कुनाशी बोलत न्हाईस, म्हून तुला सांगितलं.”

गाठ म्हणजे कॅन्सरच असं नाही, हे मला माहीत होतं. चार महिने थांबायला नको होतं, हेही. मी गॅस बंद केला.

“सोमवारी दुकान बंद ठेवा,” मी म्हणाले. “मी पुण्याला जात नाही. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. तिथे बोलायचं मी बघते.”